उलटा सु

"ताई, जरा तिरपं धर. उजेड पडत नाही त्याच्यावर."

उज्ज्वलाने पाट दोन्ही हातांनी उचलून दाराकडे वळवला. पाट म्हणायचं एवढंच. खरं तर ती सागाच्या एका जाड ओंडक्याची कापलेली चकती होती, वीतभर उंच, बसून बसून गुळगुळीत झालेली. तिच्या आईची, सुभद्राबाईंची, तांदूळ निवडायची जागा. वाल्मिक त्या चकतीपुढे उकिडवा बसून मोबाइलने फोटो काढत होता. चकतीच्या कडेला रुपयाएवढा एक गोल ठसा होता आणि त्या गोलात एकच अक्षर, सु. फोटो त्याचा हवा होता.

"थांब," म्हणत उज्ज्वलाने खोबरेलाचं बोट ठशावरून फिरवलं. लाकूड तेल प्यायलं तसं अक्षर काळंभोर होऊन वर आलं. "आता काढ."

"वा! आता कसा मस्त दिसतो. शेवटी मास्तरीणबाईंचं डोकं."

"काय पोटो काढी ऱ्हायनात रे तुम्ही?" सुभद्राबाई सूप घेऊन उभ्याच होत्या. "मना तांदूय तसाच पडेल शेतस."

"झालं आई, झालं. मोबाइलवर ठेवायचाय. आप्पांची आठवण."

हे ऐकून उज्ज्वलाला बरं वाटलं. आप्पांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. दहाव्यालाच वाल्मिकने आप्पांची हातोडी मागितली होती आणि ती नाही म्हणाली होती. हातोडी आईच्या देव्हाऱ्याखाली राहील, असं तिने जरा तोडूनच सांगितलं होतं. धाकटा भाऊ, आप्पा काम करायचे त्याच लाकडाच्या लाटीवर मॅनेजर झालेला. त्याला बापाची एक वस्तू द्यायला काय हरकत होती, हे तिला नंतर टोचत राहिलं. म्हणून आज तिने पाट जितका हवा तितका तिरपा धरला, हात भरून येईपर्यंत धरला.

*

आप्पा, म्हणजे सुकदेव बोरसे, पारोळ्याकडचे. सुरतेला आले ते मागावर काम करायला, पण कापसाच्या धुळीने छाती भरली म्हणून कतारगामच्या एका लाटीवर हमाल म्हणून लागले. लाकडाच्या वखारीला सुरतेत लाटी म्हणतात. मालक बन्सीलालशेठ. कांडला बंदरातून ट्रक यायचे, ट्रकमधून परदेशी सागाचे ओंडके उतरायचे. सुकदेवांनी वर्षभर ओंडके वाहिले, मग मोजायला शिकले, मग ओळखायला. ओळखायला त्यांना कुणी शिकवलं नाही. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तळहात फिरवायचा, वास घ्यायचा, नखाने खरवडायचं.

तेव्हा येणारा सगळा साग बर्माचा. पुढे घानाचा येऊ लागला. सुकदेव दोन्ही देशांबद्दल गावातल्या दोन घरांबद्दल बोलावं तसं बोलायचे. बर्मा तेलकट, अंगाने भरलेला, वलयं इतकी जवळजवळ की मोजायला भिंग लागायचं. घानाचं झाड लागवडीचं, घाईने वाढलेलं. त्याची वलयं आंधळ्यानेही बोटाने मोजावीत. एकदा त्यांनी उज्ज्वलाच्या भूगोलाच्या पुस्तकात घाना शोधायला लावला होता. तिने आफ्रिकेच्या कडेला बोट ठेवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. "एवढ्या लांबून? आणि इतकी कोवळी तोडून पाठवतात? आज एक मोजलं. आपल्या वाल्मिकपेक्षा लहान होतं गं ते झाड."

बर्माच्या गोल लाकडाची, म्हणजे न चिरलेल्या ओंडक्याची, खात्री पटली की सुकदेव त्याच्या तोंडावर हातोडी मारायचे. हातोडीच्या तोंडावर अक्षर कोरलेलं होतं, ते लाकडात उमटायचं. घानाच्या लाकडावर फक्त खडूने लांबी आणि घेर लिहायचे. हातोडी नाही. सुरतेपासून बारडोलीपर्यंतचे मिस्त्री तो ठसा बघून लाकूड घ्यायचे. चौकशी करायचे नाहीत.

त्या ठशाची एक गंमत होती. सुकदेवांनी कागदावर 'सु' लिहून कतारगामच्या एका कोरणाऱ्याकडे दिला होता. तो बिचारा भांड्यांवर नावं कोरणारा, शिक्का त्याने कधी केलेला नाही. कागदावर दिसला तसाच 'सु' त्याने पोलादावर कोरला. शिक्का उलटा कोरावा लागतो, तर सुलटा उमटतो, हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि सुकदेवांच्याही. पहिला घाव घातला आणि लाकडावर उमटला उलटा सु. काना आधी, बाकीचा स मागे, उकार भलत्याच बाजूला वळलेला.

बन्सीलालशेठ पोट धरून हसले होते. "अरे सुकदेव, आ तो ऊंधो छे! फेंकी दे, बीजो बनाव."

"राहू द्या शेठ," सुकदेव म्हणाले होते. "सुलटा कुणीही काढेल."

उज्ज्वला शाळेत जायच्या आधीपासून आईच्या पाटावरचा तो ठसा बघत आली होती. पहिलीत बाईंनी फळ्यावर 'सु' लिहायला सांगितला तेव्हा तिने घरचाच काढला, उलटा. हातावर पट्टी बसली. संध्याकाळी आप्पांनी तो हात आपल्या खरखरीत हातात धरून ठेवला होता आणि हसू आवरत ते म्हणाले होते, "बाईंचं बरोबर आहे बेटा. तो फक्त लाकडावर लिहायचा." आता ती स्वतः उधन्याच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवते. एखादं पोर उलटं अक्षर काढतं तेव्हा तिच्या हातातला लाल पेन जरा थांबतो.

*

फेब्रुवारीत बन्सीलालशेठचा फोन आला. कामरेजच्या हायवेवर नवीन शोरूम होतंय. तिथे सुकदेवच्या नावाचा मोठा बोर्ड लावायचाय. "बेन, तमारा पप्पानी डायरी छे ने? एमांथी बर्मा अने घाना, बन्नेनुं वर्षवार काढी आपो ने. लोकोने खबर पडे के आ माणस शुं हतो."

हा माणूस काय होता ते लोकांना कळू दे. उज्ज्वलाने फोन ठेवला. आप्पा गेल्यावर त्यांच्याबद्दल इतकं नीट कुणीच बोललं नव्हतं.

वह्या नऊ होत्या. प्रत्येकीत डाव्या पानावर बर्मा, उजव्या पानावर घाना. तारीख, ओंडक्यांची संख्या, लांबी, घेर, आणि कधी कधी एखादं वाक्य. 'मधे पोकळ निघाला.' 'वास फार छान.' 'याच्यात गोळी सापडली, जुनी.' सात रविवार ती या वह्या घेऊन बसली. दुपारी आईकडे जायची, आई पाटावर, ही जमिनीवर, आणि मधे वह्या.

"काय मोजस वं तू इतलं?"

"आप्पांची लाकडं मोजते."

"त्यांनी मोजेलच शेतस ना ती?"

"हो. मी परत मोजते."

शहाण्णव साली डाव्या पानावर चारशे बारा ओंडके, उजवं पान कोरं. दोन हजार एकमध्ये उजवीकडे पहिले अठरा. मग डावं पान दरवर्षी थोडं थोडं उतरत गेलं, उजवं चढत गेलं. दोन हजार नऊला दोन्ही जवळजवळ सारखी झाली, एकशे साठ आणि एकशे पंचावन्न. त्यानंतर घाना पुढे. दोन हजार चौदाच्या एप्रिलमध्ये आप्पांनी डाव्या पानावर लिहिलं होतं, 'आजपासून बर्माने गोल लाकूड देणं बंद केलं. बरं केलं.' पुढे वर्षभर वाटेतला, गोदामातला जुना माल आला. दोन हजार पंधराच्या अखेरीस नऊ ओंडके, आणि मग काहीच नाही.

पण आप्पांनी डावं पान सोडून दिलं नव्हतं. दर महिन्याला त्यावर तारीख घातली होती आणि पुढे एक शब्द: नाही. जानेवारी सोळा, नाही. फेब्रुवारी सोळा, नाही. दसऱ्यानंतर चार दिवसांनी ते लाटीवरच खाली बसले आणि उठलेच नाहीत, त्या ऑक्टोबरपर्यंत. उज्ज्वलाने मोजले. एकशे सहा 'नाही' होते.

त्या वर्षांत हातोडी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली असायची. दसऱ्याला बाहेर निघायची, हळदकुंकू आणि झेंडू घेऊन परत फडक्यात जायची. एका चांदनी पडव्याला, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, बन्सीलालशेठ सुरती मिठाईचा, घारीचा, डबा घेऊन घरी आले होते. उज्ज्वला तेव्हा माहेरीच होती. शेठ गोड बोलत होते, बाजार कसा बदललाय ते सांगत होते. आप्पा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले होते, "शेठ, घाना काय वाईट लाकूड नाही. तरणं आहे, सरळ आहे. त्याला घाना म्हणा ना. त्याचं नाव चोरून त्याला दुसऱ्याचं का द्यायचं?" घारीचा डबा बंदच राहिला होता. शेठ गेल्यावर आईने तो शेजारी वाटून टाकला.

एका लाटीवर उतरलेलं लाकूड म्हणजे काही देशाची निर्यात नव्हे, हे उज्ज्वलाला कळत होतं. म्हणून तिने भारतात येणाऱ्या सागाचे छापील आकडेही शोधून पाहिले. कल तोच होता. एका हमालाच्या वहीत दोन देशांची तीस वर्षं बसली होती. शाळेच्या संगणकावर तिने आलेख काढला. बर्माची रेषा हिरवी, घानाची केशरी. हिरवी वरून खाली, केशरी खालून वर, आणि नऊ-दहाच्या सुमाराला दोघी एकमेकींना छेदून जात होत्या, उघडलेल्या कात्रीसारख्या. तिने वह्यांचे फोटो जोडले, सगळं वाल्मिकला पाठवलं. छापखान्याने नुसत्या मजकुराचा नमुना पाठवला तोही तिने बारकाईने तपासला. 'घाना'चा त्यांनी 'धाना' केला होता, तेवढं तिने दुरुस्त केलं.

*

अखात्रीजेचा, अक्षय तृतीयेचा, मुहूर्त होता. सुभद्राबाई आल्या नाहीत. "माले नको गर्दी. तू जाय. तुना बापना पोटोले हार नीट घालेल शे का तेवढं पाह्य."

हार नीट घातलेला होता. चंदनाचा होता. बन्सीलालशेठ स्वतः दारात आले, "आवो बेन, आवो," म्हणत तिला आत घेऊन गेले. शोरूम गार होतं, पॉलिशचा वास भरून राहिला होता. गर्दीत बिल्डर होते, फर्निचरवाले होते, काही जुने मिस्त्री कडेला घोळका करून उभे होते. वाल्मिकने नवा शर्ट घातला होता. तो सारखा इकडून तिकडे जात होता आणि तिच्याकडे बघून हसत होता. भिंतीवर पडदा होता. शेठनी पडद्याची दोरी तिच्या हातात दिली.

"सुकदेव मारो नोकर नहोतो," शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मारी आंख हतो."

तिने दोरी ओढली. टाळ्या वाजल्या. आप्पांचा फोटो, खाली गुजरातीत 'सुकदेवभाई बोरसे, त्रीस वर्षनी परख', आणि शेजारी तिचा आलेख, भिंतभर मोठा केलेला.

रेषा छेदत नव्हत्या.

तिला आधी वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाही. डोळे भरले होते, पदराने पुसले. पुन्हा पाहिलं. हिरवी वरून खाली येत होती, नऊ-दहाच्या सुमाराला केशरीला टेकत होती, आणि तिथून परत वर जात होती. केशरी खालून चढत येऊन, टेकून, उतरत होती आणि सोळा साली जमिनीला लागत होती. आकडे सगळे तिचे होते. एकही खोटा नव्हता. ओंडका अन् ओंडका आप्पांनी मोजलेला. फक्त जिथे दोन रेषा भेटत होत्या तिथे कुणीतरी रंगांची अदलाबदल केली होती. ज्याला ठाऊक नाही त्याला एवढंच दिसलं असतं की मधे जरा थकलेला बर्मा पुन्हा उभा राहिला, जोरात येऊ लागला, आणि घाना या लाटीने केव्हाच सोडून दिला. एकशे सहा 'नाही' आता घानाच्या नावावर होते.

लोक फोटो काढत होते. शेठनी तिला बोर्डाशेजारी उभं केलं. दोन-तीन फोटोंत ती आली असेल.

"बेन."

मागे एक म्हातारे मिस्त्री उभे होते. कामरेजचे ठाकोरभाई. आप्पांच्या तेराव्याला आले होते, म्हणून तिने ओळखलं. ते तिला घेऊन शोरूमच्या मागच्या भागात गेले. तिथे शोभेसाठी ओंडक्यांची रास रचली होती, तोंडं रंधा मारून साफ केलेली, आणि प्रत्येक तोंडावर रुपयाएवढा ठसा.

"ये किसने मारा?"

उज्ज्वला वाकली. ताजा ठसा होता, कडा अजून टोकदार. गोलात अक्षर होतं. सु.

"ये तो सीधा है," ठाकोरभाई म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "सुकदेवनो तो ऊंधो हतो. तीस साल देखा मैंने. घर में अंधेरे में हाथ लगाके बता दूँ." त्यांनी वलयांवर बोट फिरवलं. बोटाच्या एका पेरात तीनच वलयं मावली. "और ये बर्मा है? ये तो बच्चा है."

शाळेत हजार वेळा लिहिलेलं, हजार वेळा तपासलेलं अक्षर होतं ते. काना जिथे हवा तिथे, उकार जसा वळायला हवा तसा. कुठल्याही बाईंनी बरोबरची खूण केली असती. उज्ज्वलाच्या बोटांना खोबरेलाचा ओशटपणा आठवला. दाराकडे तिरपा धरलेला पाट आठवला. मोबाइलवरचा तो फोटो कुण्या कोरणाऱ्याकडे गेला होता आणि त्यानेही, तीस वर्षांपूर्वीच्या त्या कोरणाऱ्यासारखंच, दिसला तसा पोलादावर उतरवला होता. उलटा सु पोलादावर गेला, लाकडावर सुलटा होऊन आला. चूक तीच, दुसऱ्यांदा झालेली.

"मुझे बोलना तो पड़ेगा," ठाकोरभाई हळूच म्हणाले. "बुरा मत लगाना बेटा. तेरे बाप के लिए ही बोलूँगा."

*

वाल्मिक मागच्या दाराशी पाण्याच्या जारजवळ सापडला. तिचा चेहरा पाहून त्याने हातातला ग्लास खाली ठेवला.

"ताई, ओरडू नको इथे."

"मी कधी ओरडले तुझ्यावर?"

"नाही. म्हणूनच सांगतो." तो इकडेतिकडे बघत होता. "हे बघ, बाजारात बर्मा म्हणजे देश नाही गं. क्वालिटी आहे. सगळे असंच बोलतात. गिऱ्हाईकालाही माहीत असतं."

"गिऱ्हाईकाला माहीत असतं तर आप्पांचा ठसा कशाला लागतो?"

"भरोसो वाटतो लोकांना."

"आणि त्या रेषा?"

"ते डिझाइनवाल्याने केलं. शेठनी सांगितलं त्याला. मी फक्त तुझी फाइल दिली." मग जरा थांबून म्हणाला, "तू काढलेलं खूप छान होतं. शेठ पण बोलले."

त्याला हे खरंच सांगायचं होतं, हे तिला दिसलं. त्याचंच तिला जास्त लागलं. तो लहानपणी पतंग फाडून आणायचा आणि असाच उभा राहायचा, कागदाचा रंग किती छान होता ते सांगत.

"मला म्हणाला होतास, आठवण म्हणून फोटो हवाय."

"तू हातोडी दिली असतीस तर फोटो लागलाच नसता ना, ताई."

आतून शेठनी हाक मारली, "वाल्मिक! बेनने नास्तो आप्यो के नहीं?" आणि तो गेला. उज्ज्वला पुढच्या दाराने बाहेर पडली. चप्पल घालताना तिला आप्पांचा फोटो दिसत होता. लाटीवरच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे जरा धूसर. समोरच्या भिंतीकडे बघत असल्यासारखा.

*

आईला सांगायला तिला दोन दिवस लागले. सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली, फुगेपर्यंत वाट पाहिली, टोपल्यात टाकली. "वाल्मिकनी?" एवढंच विचारलं. उज्ज्वला 'हो' म्हणाली. मग त्यांनी पुढचा गोळा घेतला. दुपारी मात्र त्या पाटावर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि तांदूळ तसाच राहिला.

चौथ्या दिवशी वाल्मिकचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"ताई, त्या ठाकोरकाकाने गावभर केलं. मिस्त्री लोक येतात, ठसा बघतात, हसतात अन् जातात. शेठ माझ्यावर चिडलेत. म्हणतात, ओरिजिनल आण. रविवारी येतो मी. आईशी बोललीस ना तू? माझं काय होईल ते बघ जरा. लाटीवरची ती खुर्ची आप्पांची आहे, उद्या दुसरा कुणी बसेल तिथे."

तिने फोन आईकडे दिला. सुभद्राबाईंनी कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाल्या, "ये मग. लई जाय."

उज्ज्वलाने फोन काढून घेतला, बंद केला.

"आई? तूसुद्धा?"

"त्याना बापनी शे. पोऱ्याले देवाले नको?"

"ते काय करणार आहेत माहीत आहे ना तुला? नऊ वर्षं आप्पांनी एकदाही मारली नाही ती हातोडी. दर महिन्याला बसून 'नाही' लिहिलं. आणि तू—" तिचा आवाज फाटला. आप्पा गेले त्या दिवशीही ती इतकं मोठ्याने बोलली नव्हती. शोरूममध्ये जे गिळलं होतं ते सगळं आईवर आलं.

सुभद्राबाईंनी तिला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "देऊ म्हनस मी. पन तशी नही."

रविवारी सकाळी गल्लीत धारवाला आला, सायकलच्या मागच्या चाकावर सहाण फिरवणारा. सुभद्राबाईंनी देव्हाऱ्याखालून फडकं काढलं, सोडलं आणि हातोडी उज्ज्वलाच्या हातात दिली. तिला सगळं समजलं. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली.

इतक्या वर्षांत तिने अक्षर लाकडावरच पाहिलं होतं. हातोडीचं तोंड जवळ घेऊन कधी पाहिलं नव्हतं. पोलादावर तो सुलटा होता. कागदावर लिहून दिला तसाच, स जरा बसका, उकाराला शेवटी एक अनावश्यक गाठ. आप्पांचं हस्ताक्षर. वह्यांमध्ये सगळीकडे होतं तेच, पण इथे ते बोटाला लागत होतं.

दुसरा सु कोरून घेणं शेठना आणि वाल्मिकला अवघड नव्हतं. उलट्याचं सुलटं एकदा कळल्यावर एखादा कोरणारा चार दिवसांत करून देईल, हे तिला ठाऊक होतं. त्यांना ती अडवू शकत नव्हती. फक्त तो या घरातून गेलेला नसेल.

धारवाल्याने हातोडी उलटीपालटी करून पाहिली. "हथौड़ी को धार?"

"धार नको, भैया. तोंड सपाट करून द्या."

"कुछ लिखा है इसपे."

"हो. नाव आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि पेडल मारायला सुरुवात केली. ठिणग्या उडाल्या. आधी उकाराची गाठ गेली, मग उकार. स काही वेळ टिकला. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालताना थांबून बघत होती. फार वेळ लागला नाही. त्याने तोंडावर फुंकर मारली, पॅन्टला पुसलं आणि हातोडी परत दिली. गरम होती. तिने ती पदरात धरून घरात आणली.

वाल्मिक अकराच्या सुमारास आला. हातात आईसाठी आंब्यांची पेटी होती. सुभद्राबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. ठसा त्यांच्या लुगड्याखाली झाकला गेला होता. हातोडी त्याच जुन्या फडक्यात, समोर जमिनीवर ठेवलेली.

"आई, तू समजून घेतलंस," तो म्हणाला. आंब्यांची पेटी त्याने तिच्याजवळ ठेवली. "मला वाटलं, तू पण ताईसारखीच..."

"ले," सुभद्राबाई म्हणाल्या. सुपातून त्यांनी मान वर केली नाही. "हातोडी तुनी. नाव तुना बापनं व्हतं. ते तो लई गया."

तो हसला, न समजून. खाली बसला, फडकं सोडलं. आप्पा मारायच्या आधी नेहमी करायचे तसा त्याचा अंगठा आपोआप हातोडीच्या तोंडावर गेला, अक्षर वर कुठल्या बाजूला आहे ते चाचपायला. एकदा फिरला. पुन्हा फिरला. मग हळूहळू, कडेकडेने, जसं काही अक्षर कुठेतरी सरकून बसलं असेल, तसा फिरत राहिला.

सुभद्राबाईंनी सुपातला एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला.